उन्हाळ्याची आरास: मांजरपाट, वाळा, माती आणि बांबू

उन्हाळ्यासाठी घर सजवायचं ठरलं की कोल्हापुरात पाय आपोआप महाद्वार रोडकडे वळतात. पहिल्यांदाच हा उद्योग करत असाल तर तिकडे जायची घाई नको. या सजावटीतलं निम्मं काम घरातल्या वस्तू काढून ठेवण्याचं आहे आणि ते फुकटात होतं. उरलेलं निम्मं हाताने करण्यासारखं आहे. त्याला थोडं मांजरपाट (कोरं सुती कापड), थोडा वाळा, बुरडाकडच्या दोन टोपल्या आणि कुंभाराकडची दोन-चार भांडी लागतात. शिवणयंत्र नसलं तरी अडत नाही, चित्रकला येत नसली तरी अडत नाही.

वस्तू निवडायचा नियम मात्र एकच आणि कडक ठेवा. जी वस्तू सावली देते, पाणी धरते किंवा वाऱ्याला वाट देते, तिलाच उन्हाळ्यात घरात जागा. बाकीच्यांनी जूनपर्यंत माळ्यावर बसावं. या नियमात घराघरांतल्या भिंतीवरची कोल्हापुरी चप्पल, चौकटीतला साज आणि खिळ्याला टांगलेला फेटा बसत नाहीत याची मला कल्पना आहे. चप्पल पायात शोभते. भिंतीवर ती फक्त धूळ धरते.

आधी आपला उन्हाळा ओळखा

इथला उन्हाळा विदर्भासारखा भाजत नाही आणि मुंबईसारखा चिकटतही नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी असते. पारा 37-38 च्या घरात, काही दिवस 40 च्या आसपास. पण संध्याकाळी पश्चिमेकडून वारं सुटतं आणि पहाटे तापमान 22-23 पर्यंत उतरतं. म्हणजे घराचं वेळापत्रक ठरलेलं आहे: सकाळी नऊ-साडेनऊला उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झाकायच्या, सूर्य कलला की सगळं उघडायचं. सजावट अशी हवी की हे उघडणं-झाकणं एका हाताने व्हावं. दहा चिमटे आणि सहा गाठी सोडवाव्या लागणारा पडदा चार दिवसांत कायमचा बंद राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वळीव. एप्रिल-मेत दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत गारांसकट पाऊस. त्यामुळे बाल्कनीत, गच्चीत, पडवीत जे काही टांगाल ते झटकन आत घेता आलं पाहिजे.

खिडक्यांचा अंदाज घ्यायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार आणि साडेसहा या चार वेळांना घरभर फिरा आणि कुठल्या खिडकीतून ऊन आत येतं, किती आत येतं, ते कागदावर टिपा. पश्चिमेची खिडकी त्रास देणार हे सगळ्यांना माहीत असतं. उत्तरेची खिडकी मात्र फसवते. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेकडे झुकलेला असतो आणि मावळतोही पश्चिमेपासून उत्तरेला सरकून. म्हणून "उत्तरेकडून ऊन येत नाही" म्हणून उघड्या ठेवलेल्या खिडकीतून मेच्या संध्याकाळी तिरकं ऊन थेट पलंगावर पडतं. मार्चमध्ये पाहणी केली असेल तर मेमध्ये एकदा पुन्हा करा.

पहिली पायरी: काढा

गालिचा गुंडाळा. मखमली किंवा जाड पॉलिस्टरचे पडदे उतरवा. सोफ्यावरची फरची खोळ, प्लॅस्टिकची फुलं, काचेच्या कपाटातली गर्दी, खिडकीच्या कट्ट्यावरची बाटल्यांची रांग, सगळं हलवा. खिडकीसमोर उभं असलेलं कपाट सरकवता आलं तर त्याच्याइतकी चांगली सजावट दुसरी नाही, कारण वाऱ्याला एका बाजूने शिरायला आणि समोरून निघायला वाट लागते. जुन्या घरात सोप्याचं (पुढच्या खोलीचं) दार आणि परड्याचं (मागच्या अंगणाचं) दार समोरासमोर असायचं ते उगीच नाही.

शहाबादी फरशी असेल तर ती उघडीच राहू द्या. दोनदा पुसली की तिच्यावर नुसतं पाय टेकूनही बरं वाटतं. नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर एखादी साधी चटई पुरे.

काढलेल्या वस्तू धुऊन, सुकवून, जुन्या चादरीत बांधून ठेवा. घर दोन दिवस मोकळं मोकळं, थोडं उजाड वाटेल. वाटू द्या. त्या दोन दिवसांत नेमकं कुठे काय हवं ते कळतं.

दुसरी पायरी: मांजरपाटाचा पडदा

नवख्याने सुरुवात इथून करावी. कष्ट थोडे आणि फरक त्याच दुपारी दिसतो.

कापड सुतीच घ्या. इचलकरंजी आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथला पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी सुरू केला आणि आज अख्खं गाव मागावर चालतं. मांजरपाट, केंब्रिक, पॉपलीन हे तिकडचे रोजचे प्रकार आणि कोल्हापुरातही कुठल्याही कापडदुकानात मिळतात. पडद्यासाठी मांजरपाट उत्तम. ते न धुवलेलं, पिवळसर पांढरं असतं, प्रकाश गाळून आत सोडतं आणि ऊन परतवतं. गडद रंगाचं कापड उष्णता शोषून घेतं, म्हणून कितीही आवडला तरी मरून रंग हिवाळ्यासाठी ठेवा.

मापाचं गणित एका खिडकीवर करून दाखवतो. खिडकी चार फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे साधारण 120 सेंटिमीटर चौरस. चुण्या नीट पडाव्यात म्हणून रुंदीच्या दीडपट कापड लागतं: 180 सेंटिमीटर. मांजरपाटाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 36 इंच, म्हणजे 91 सेंटिमीटर असेल, तर दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवले की बरोबर जमतं. उंचीत वरच्या नेफ्याला (काठी ओवायच्या दुमडीला) 10, खालच्या दुमडीला 8 आणि आटण्यासाठी आणखी 10 धरा. एक पट्टा दीड मीटरचा, दोन पट्टे म्हणजे तीन मीटर. दुकानात हे माप सांगण्याआधी पन्हा विचारा, कारण 44 इंची पन्ह्यात हिशेब बदलतो.

कोरं मांजरपाट धुतल्यावर मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर आटतं. म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी साबणाने धुऊन खळ काढायची, वाळवायचं, इस्त्री फिरवायची आणि मगच कात्री लावायची. हा क्रम उलटा झाला की पडदा पहिल्याच धुण्यात खिडकीच्या वर जाऊन बसतो.

दोन्ही पट्टे मधे जोडू नका, वेगळेच ठेवा, म्हणजे एक बाजूला सारून वारा घेता येतो. बाजूच्या किनारी कापडाच्या स्वतःच्याच असतात, त्या शिवायची गरज नाही. वर दहा सेंटिमीटर दुमडून नेफा शिवा, खाली आठ. हाताने शिवत असाल तर साधा धावदोरा पुरतो, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. नेफ्यात सहा टाक्यांनंतर एक उलटा टाका घेत चला, ओढ तिथे बसते. रंगीत दोऱ्याने घातलेला धावदोरा दिसायलाही छान, वाकळेवर दिसतो तसा.

रॉडऐवजी बांबू वापरा. घाटाकडच्या भागात माणगा जातीचा बांबू होतो. तो जवळजवळ भरीव असल्यामुळे लांब काठी मधे झोल खात नाही. अंगठ्याएवढ्या जाडीची काठी घ्या, पेरांवरचे काटे पॉलिश पेपरने घासा, एकदा जवसाच्या तेलाचा हात द्या. चिंध्या उन्हात पसरून सुकवल्याशिवाय त्यांचा बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो.

भाड्याच्या घरात खिळे ठोकायची बंदी असते. तिथे ग्रिललाच सुतळीचे दोन फास बांधून त्यात काठी अडकवा. यात एक फायदाही आहे: पडदा काचेच्या बाहेरच्या बाजूला येतो. काचेतून आत शिरलेलं ऊन आतल्या पडद्यावर पडलं तरी उष्णता खोलीत आलेलीच असते. ते बाहेरच अडलं तर खोली खरोखर कमी तापते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा किंवा बांबूची चिक आणि आतून काहीच नाही, ही मांडणी एकदा करून पाहा.

घरात जुनेर, म्हणजे वापरून जुनी झालेली साडी, असेल तर कापड विकतही आणू नका. पाचवारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि 44-45 इंच रुंद असते. तिच्यातून चार फुटी खिडकीचे तीन पट्टे निघतात आणि काठ दोन्ही बाजूंना आयता मिळतो. नऊवारीतून पाच. आजीच्या विटलेल्या इरकलीचा पडदा बाजारातल्या कुठल्याही पडद्याला मागे टाकतो असं माझं मत आहे. कापड झिजलं असेल तर मात्र मधला विरलेला भाग टाळा, उन्हात तो पंधरा दिवसांत फाटतो.

पडद्यावर नक्षी आणि रंग

नुसता पांढरा पडदाही पुरेसा आहे. तरी मुलं सुट्टीत घरी असतात, त्यांच्या हाताला काम हवं.

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, कारलं कापलं की दातेरी चकती. कापलेला भाग कागदावर टेकवून पाणी टिपून घ्या. पसरट ताटलीत कापडावर लावायचा रंग ओता, त्यात स्पंजचा तुकडा ठेवा आणि भाजीचा ठसा त्या स्पंजावर टेकवून मग कापडावर दाबा. थेट रंगात बुडवलं तर थेंब ओघळतात. पडद्याच्या फक्त खालच्या एक वीत पट्टीवर छापा. सगळीभर छापायचा मोह होतो, आवरा. चोवीस तास सुकू द्या, उलट बाजूने इस्त्री करा आणि तीन दिवस धुऊ नका.

घरगुती रंग करायचा असेल तर हळदीपासून लांब राहा. रंग सुरेख येतो, पण उन्हात हळद उडते आणि पडदा तर उन्हातच असतो. डाळिंबाची सालं चांगली टिकतात. तीन मीटर मांजरपाटाला वाळलेली दोनशे ग्रॅम सालं रात्रभर भिजवा, सकाळी तासभर उकळा, गाळा. धुतलेलं ओलं कापड त्या पाण्यात बुडवून मंद आचेवर तासभर ठेवा, अधूनमधून हलवा, नाहीतर डाग पडतात. गॅस बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात कापड अर्धा तास ठेवायचं, पिळायचं, सावलीत वाळवायचं. मोहरीच्या फुलासारखा मऊ पिवळा येतो. त्याच पाण्यात गंजका खिळा पडला तर रंग करडा-हिरवट होतो, म्हणून भांडं स्टीलचं घ्या. अर्थात करडाच हवा असेल तर मुद्दाम टाका.

तिसरी पायरी: वाळ्याची तट्टी

वाळा म्हणजे एका गवताची सुवासिक मुळं. काष्ठौषधींच्या दुकानात सुटा मिळतो. माठातल्या पाण्यात टाकायला आपण चार काड्या आणतो, तट्टीला, म्हणजे खिडकीत टांगायच्या वाळ्याच्या पडद्याला, थोडा जास्त लागतो.

छोटी करायला सोपी: दीड फूट बाय दोन फूट. बांबूच्या चार कामट्यांची चौकट सुतळीने बांधा, मधे एक आडवी कामटी द्या. त्यावर सुती जाळी किंवा जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून टाका. वाळा आधी पाण्यात बुडवून माती धुऊन घ्या, मग बोटभर जाडीचा सारखा थर पसरा. अर्ध्या किलोच्या आसपास लागेल. वरून जाळीचा दुसरा तुकडा ठेवून दाभणाने, सुतळीने चौफुली टाके घाला, दोन टाक्यांत चार बोटं अंतर. टाका फार आवळू नका, वारं आरपार गेलं पाहिजे.

ती वारा येणाऱ्या खिडकीत टांगा आणि दुपारी दर तासाला वरच्या कडेवर पाणी शिंपडा. खाली एखादा ट्रे ठेवा, थेंब पडतात. वासाने निम्मं समाधान होतं, पण गार वाटतं ते खरोखर गार होतं म्हणून. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतून सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणजे विजेच्या जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटाइतकी. मात्र यासाठी हवा कोरडी हवी आणि समोरची खिडकी उघडी हवी. सगळं बंद करून तट्टीवर पाणी मारत बसलात तर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. वळीव पडून हवा जड झाली की त्या दिवशी तट्टी कोरडीच राहू द्या.

रोज संध्याकाळी तट्टी उतरवून वाऱ्यावर सुकवायची. सतत ओली राहिली की बुरशी धरते आणि मग वाळ्याचा वास कुबट होतो.

चौथी पायरी: मातीची भांडी

गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पापाची तिकटी, शाहूपुरी आणि बापट कॅम्पच्या कुंभारवस्त्यांत एरवीही एक चक्कर मारावी. उन्हाळ्यात रस्त्याकडेलाही माठ, डेरे, परळ (मातीची पसरट भांडी) मांडलेले असतात. भांडं टिचकी मारून घ्या: खणखणीत वाजलं तर पक्कं भाजलेलं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा चिरलेलं. घरी आणल्यावर चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा.

माठ रंगवायचा असेल तर ऑइलपेंट, वॉर्निश, अॅक्रेलिक काही लावू नका. माठ गार करतो तो अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाझरणाऱ्या पाण्यामुळे. छिद्रं रंगाने बुजली की तो नुसता मातीचा डबा उरतो. बाजारात चकाकणारे नक्षीदार माठ दिसतात, ते फुलदाणी म्हणून घ्यायचे असतील तर घ्या. प्यायच्या पाण्याच्या माठावर गेरू आणि खडू पुरेत. गेरू पाण्यात कालवून माठाच्या गळ्याभोवती एक पट्टा द्या. सुकला की खडूची पूड पाण्यात दाटसर कालवून, त्यात डिंकाचं थोडं पाणी घालून, काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून त्यावर नक्षी काढा. पोट उघडंच ठेवा, पाझर तिथूनच होतो. नक्षी काय काढायची हा प्रश्न पडला तर चैत्रांगणाकडे पाहा. कासव, शंख, चंद्र, सूर्य, गोपद्म, तुळशीवृंदावन, पाळणा, गौरीची पावलं: सगळी ठिपक्या-रेघांची चिन्हं, न जमण्यासारखं काही नाही.

घंगाळ (तांब्या-पितळेचं मोठं पसरट भांडं) असेल तर ते बाहेर काढायची हीच वेळ. चिंच-मीठ लावून घासा, सोप्यात किंवा दाराजवळ ठेवा, पाणी भरा, वर मोगरा सोडा. अंबाबाईच्या देवळाभोवती फुलवाल्यांकडे मोगरा सुटा मिळतो. कळ्याच घ्या, संध्याकाळी घंगाळात उमलतात. घंगाळ नसेल तर काळी मातीची पसरट कुंडी चालते, तळाचं भोक मेणाने बुजवा.

पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण उपडं करून आतून काथ्याने घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो, अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटवतो आणि या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीला चिकटलेलीच राहतात. घासणं महत्त्वाचं.

पक्ष्यांसाठी परळ टांगायची झोळी काथ्याच्या दोरीची करा. सुतळी ओली राहून कुजते, काथ्या पाण्याला दाद देत नाही. वीतभर रुंदीच्या परळासाठी कृती अशी:

1. तीन मीटर लांबीच्या चार दोऱ्या घ्या, एका कडीतून ओवून मधोमध दुमडा. आठ टोकं झाली. कडीखाली सगळ्यांची मिळून एक घट्ट गाठ.
2. तिथून हातभर खाली दोन-दोन टोकांच्या चार गाठी, सगळ्या एकाच उंचीवर.
3. आणखी चार बोटं खाली या, आणि आता प्रत्येक गाठीतलं एक टोक शेजारच्या गाठीतल्या एका टोकाशी बांधा. पुन्हा चार गाठी. जाळी तयार झाली.
4. आठ-दहा बोटं खाली सगळी टोकं एकत्र करून मोठी गाठ, उरलेला गोंडा सोडा.
5. परळ जाळीत बसवून पाहा. कलंडत असेल तर तिसऱ्या पायरीतल्या गाठी थोड्या वर सरकवा.

मांजर उडी मारू शकणार नाही अशा जागी टांगा.

बांबूचं सामान

इथे फार शिवणकाम-चिकटकाम नाही. बुरडांकडून सूप, दुरडी, टोपली, रोवळी आणा. तेच हस्तकौशल्य आहे, त्यावर आणखी चमकी चिकटवून त्याची शोभा वाढत नाही. एक पसरट दुरडी फळांना: कलिंगडाशेजारी हिरव्या कैऱ्या ठेवल्या की जेवणाच्या टेबलावर दुसरं काही नको. दोन विंझणे दाराजवळ खुंटीला, वीज गेली की हाताशी. विंझण्याच्या कडेला जुनेराच्या काठाची झालर लावली तर कड उसवतही नाही.

टोपलीचा दिवा मात्र करण्यासारखा आहे. विरळ विणीची टोपली उपडी करा, बुडाच्या मधल्या दोन पट्ट्या सावकाश बाजूला सारून होल्डर बसेल एवढी जागा करा. पट्ट्या कापू नका, वीण सुटते. आत 5 किंवा 7 वॅटचा पिवळसर एलईडी. जुना साठ वॅटचा गोल बल्ब चुकूनही नको, तो खोली तापवतो आणि वाळलेला बांबू त्याच्या इतक्या जवळ ठेवणं धोक्याचं आहे. वायर जोडायचं काम वायरमनकडून करून घ्या.

आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर खिळे ठोकून बसवा, घासा, आडवी ठेवा: कुंड्यांसाठी मांडणी तयार. कुंड्यांतल्या मातीवर उसाचं पाचट बोटभर पसरा. हंगाम संपताना गावाकडे ते हवं तेवढं मिळतं, ओल धरून ठेवतं आणि प्लॅस्टिकच्या रंगीत गोट्यांपेक्षा हजार पटीने बरं दिसतं.

दार आणि गौर

पाडव्याला आंब्याचं तोरण बांधतो ते तीन दिवसांत सुकतं. पुढच्या दोन महिन्यांसाठी कापडी पानांचं करून ठेवा. तीन फुटी दाराला तेरा पानं लागतात: पान पाच सेंटिमीटर रुंद, पंधरा लांब, मधे दोन सेंटिमीटर मोकळं. हिरव्या सुती कटपीसमधून प्रत्येकी दोन तुकडे, उलट बाजूने शिवून सुलटं करायचं, मधोमध पोपटी दोऱ्याची शीर, मग जाड दोरीवर ओवायचं. टोकाला वजन म्हणून एकेक लाकडी मणी लावला तर वाऱ्याने पानं उलटत नाहीत.

या सगळ्याला हक्काचं प्रदर्शन आपल्याकडे आधीपासूनच आहे: चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि मधल्या महिन्यात सोयीच्या दिवशी हळदीकुंकू. अक्षय्य तृतीयेला अंबाबाईचीही झोपाळ्यातली पूजा बांधतात. घरच्या गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडताना विकतच्या थर्माकोलऐवजी रंगवलेले छोटे मडके, टोपलीचा दिवा, कोरलेलं कलिंगड, वाळ्याची जुडी हे वापरा. आंबेडाळ आणि पन्हं घेताना बायका आरास बारकाईने बघतात आणि कशी केली ते हमखास विचारतात. वाळा कुठून आणला हे सांगावंच लागेल, आधीच दोन जुड्या जास्तीच्या आणून ठेवा.

झोपाळा करायचा असेल तर छोट्या पाटाला चार भोकं, त्यातून सुती दोरी, दोरीवर मोगऱ्याचा गजरा गुंडाळलेला. गजरा केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्यात ओवला तर जास्त वेळ ताजा राहतो.

मृगाआधी आवरा

कोल्हापूरचा पावसाळा लांबतो आणि त्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग निघायच्या आत, सगळं उतरवायचं. पडदे धुऊन, खळ न करता घडी घाला. खळ केलेल्या कापडाला कसर आणि झुरळ लवकर लागतं. वाळ्याची तट्टी चार दिवस कडक उन्हात ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा. वास गेला असेल तर पुढच्या वर्षी फक्त वाळा बदला, चौकट तीच राहते.

बांबूला भुंगा लागतो. टोपलीखाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर समजा आत कीड आहे. ती टोपली लगेच वेगळी करा, दोन दिवस उन्हात टाका, भोकांत रॉकेल किंवा कडुनिंबाचं तेल सोडा आणि बाकीच्या सामानात परत मिसळू नका. चांगल्या टोपल्या कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट सुती पिशवीत, जमिनीपासून वर. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर आत घाम धरतो आणि गणपतीला काढताना हिरव्या बुरशीचा गठ्ठा हाती येतो.

माठ मात्र रिकामा करून, आतून घासून, उपडा ठेवा. परळाची झोळी उतरवायची गरज नाही, फक्त परळ आत घ्या.